मोहाचं झाड, वर्षभराचं चित्र: वारली पद्धतीने कापडावर (कृती, प्रमाणं, चुका)

रानजाई

झाड आणि जीवनचक्र या विषयावर चित्रं पुष्कळ होतात. त्यातल्या बहुतेकांत एक कोणतंही झाड असतं: अर्ध्या फांद्यांना पानं, अर्ध्या उघड्या, खाली मुळं. त्या झाडाला नाव नसतं, म्हणून त्याचं वर्षही खोटं असतं. या धाग्यात एकच झाड घेऊया, मोह, आणि त्याच्या खऱ्या वर्षावरून चित्र बांधूया. पालघर, डहाणू, जव्हारकडे मोहाचं वर्ष असं जातं:

माघ-फाल्गुनात पानगळ. झाड उघडं होतं, पण फांदीच्या टोकांना कळ्यांचे तांबूस झुबके आलेले असतात. फाल्गुन-चैत्रात फुलं. रात्री उमलतात, पहाटे गळतात. फुलांपाठोपाठ तांबूस कोवळी पानं. ज्येष्ठ-आषाढात फळ पिकून पडतं, आणि पावसाच्या ओलीवर बी लगेच रुजतं. हे बी फार टिकत नाही, पुढच्या वर्षासाठी ठेवलं तर उगवत नाही. पावसानंतर दिवाळीपर्यंत झाड भरगच्च.

चार अवस्था, म्हणून चार झाडं, एकाच कापडावर शेजारी शेजारी. चौघांचं खोड आणि मोठ्या फांद्या अगदी सारख्या, बदलतात ती फक्त टोकं. चक्र डोळ्याला दिसतं ते यामुळे. चार झाडं चार आकारांची काढली तर बघणाऱ्याला ती चार वेगळी झाडं वाटतात.

कापड. मांजरपाट, 150 × 80 सेंमी. (चित्राची जागा 130 × 60, बाकी कडा.) नव्या मांजरपाटाला खळ असते, ती काढलीच पाहिजे. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मोठ्या पातेल्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास उकळा, तीन पाण्यांतून काढा. कापड आटतं, म्हणून मापाला कापायचं ते धुऊन, वाळवून, इस्त्री केल्यावर. खळ राहिली की गेरू वरच्यावर बसतो आणि घडी घातली की पापुद्रे सुटतात.

जमीन, म्हणजे चित्राखालचा रंगाचा थर. वर दिलेल्या मापाला दोन हात:
गेरू 250 ग्रॅम (निथळून घेतलेला)
फेविकॉल 125 ग्रॅम
शेणाचं गाळलेलं पाणी 250 मिली (ताजं शेण आणि पाणी समसमान कालवून जाड फडक्यातून गाळलेलं)
साधं पाणी 350 ते 400 मिली

गेरू निथळायचा तो असा. पाचपट पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाशी राहते ती वाळू, ती टाकून द्या. ओतलेलं पाणी रात्रभर ठेवलं की गेरू खाली बसतो, वरचं स्वच्छ पाणी काढून टाका. वजन मात्र वाळवून करा, ओल्या गाळाचं वजन फसवतं. बाजारात गेरूच्या नावाखाली लाल ऑक्साइडही मिळतं. चित्राला ते चालतं, पण रंग फार कडक असतो, निम्मंच घ्या.

कापड फळीवर ताणून पिना मारा. पहिला हात थोडं जास्त पाणी घालून, आडवा. सुकल्यावर दुसरा, उभा. चार इंची ब्रश. सावलीत वाळवा आणि चोवीस तास हात लावू नका. ओला गेरू काळपट दिसतो, वाळला की दोन छटा उजळतो, म्हणून आधी चिंधीवर लावून, वाळवून बघा.

काडी. बांबूची, बोरूएवढी जाड. टोक अर्धा तास पाण्यात ठेवून एक सेंमीपर्यंत दगडाने ठेचायचं, म्हणजे तंतू सुटतात. अशा तीन काड्या वेगवेगळ्या जाडीच्या ठेवा. एक काडी न ठेचता तशीच, ठिपक्यांसाठी. बारीक पानांना शून्य नंबरचा गोल ब्रश घेतला तरी बिघडत नाही.

खोडापासून पुढचं उद्या लिहिते.

नाशिककर

उत्तम. एक अडचण आहे. गेरू डिंकात कालवला होता, जमीन छान वाळली, पण वरची पांढरी रेष गुलाबी पडते. दोनदा गिरवली तरी तसंच.

काडीकुंचला

डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. ओली काडी टेकली की खालचा गेरू सुटतो आणि पांढऱ्यात मिसळतो. गिरवल्याने आणखी सुटतो. वरच्या कृतीत फेविकॉल आहे तो याचसाठी, तो एकदा सुकला की पाण्याने सहज उठत नाही. डिंकाचीच जमीन हवी असेल तर पांढरा घट्ट ठेवा, काडी एकदाच फिरवा, परत त्या जागी जाऊ नका. झालेली जमीन वाचवायची तर एक भाग फेविकॉल आणि सहा भाग पाणी असा पातळ हात मऊ ब्रशने, न घासता, एका दिशेने द्या. थोडा रंग ब्रशला लागेल, तेवढं चालतं.

फेविकॉल जास्त झाला तर उलटा त्रास. जमीन चकाकते, पांढऱ्याचे थेंब होतात, रेष तुटते. आणि कमी झाला तर गेरू बोटाला लागतो. बोट कोरडं फिरवून बघायचं: किंचित लागला तर ठीक, बोट लाल झालं तर कमी पडलं.

रानजाई

पांढरा. तांदळाचा आणि ॲक्रिलिकचा, दोन्ही देते.

तांदळाचा: 50 ग्रॅम जाडा तांदूळ पाच तास भिजवून, थोडं थोडं पाणी घालत मिक्सरमधून अगदी मऊ वाटा, मलमलीतून गाळा. वर एक चमचा डिंकाचं पाणी (एक भाग डिंक, तीन भाग गरम पाणी). काडी बुडवून उचलली की एक थेंब पडावा आणि दुसरा टोकाशी अडून राहावा, एवढं पातळ. हा रंग ओला असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरा होतो. नवीन माणूस इथे चुकतो: दिसत नाही म्हणून थर चढवतो, आणि वाळल्यावर तो थर खपली होऊन निघतो. एकच हात, मग दहा मिनिटं थांबून बघायचं. सकाळी केलेला रंग संध्याकाळपर्यंत आंबतो.

कापडावर टिकाऊ काम हवं असेल तर पांढरा ॲक्रिलिक घ्या. तांदूळ कसरीला आणि झुरळांना आवडतो. भिंतीवरचं चित्र पुढच्या लग्नाला किंवा सणाला पुन्हा सारवून काढलं जायचं, तिथे तांदूळ योग्यच होता. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या कॅनव्हासवरच्या कितीतरी चित्रांत जमीन शेणाची आणि रेष ॲक्रिलिकची आहे, तेव्हा यात कमीपणा काही नाही.

खाका. खोड आणि मोठ्या फांद्या आधी कागदावर, 50 सेंमी उंच. रेषेवर टाचणीने अर्ध्या अर्ध्या सेंमीवर भोकं पाडा. खडूची पूड फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि भोकांवरून हलकी थोपटा. चार जागी तोच कागद वापरायचा. उरलेली पूड नंतर कोरड्या फडक्याने झटकली की जाते. पेन्सिल नको, गेरूवर तिची चकाकी राहते आणि खोडरबराने जमीन खरवडते.

खोड. मोहाची साल उभी फाटलेली असते. म्हणून खोड सबंध पांढरं भरू नका, बाहेरच्या दोन रेषा काढून आत बुंध्याकडून वर जाणाऱ्या तुटक उभ्या रेघा. आडवी जाळी काढली की ताडामाडाचं खोड वाटायला लागतं.

टोकं. सगळं चित्र इथे ठरतं. मोहाची पानं फांदीभर सारखी नसतात, टोकाशी झुबक्याने येतात. त्यामुळे वारली चित्रात नेहमी दिसणारी, डहाळीच्या दोन्ही बाजूंना ओळीने जाणारी पानं इथे चालणार नाहीत. टोकाचं पान आधी, मग त्याच्या मागे सात-आठ पानं पंख्यासारखी, मागची डहाळी रिकामी. पान आणि डहाळी यांत सुतभर जागा सोडा, म्हणजे रंग एकत्र होऊन गोळा होत नाही.

झाड पहिलं (पानगळ): टोकाला पाच-सहा ठिपक्यांचा घट्ट झुबका, पान एकही नाही. जमिनीवर पडलेली पानं आडव्या रेघांनी.

झाड दुसरं (फुलं): प्रत्येक टोकाला दहा-बारा देठ खाली झुकलेले, दीड सेंमी लांब, शेवटी न ठेचलेल्या काडीने ठिपका. खाली अंगणासारखी झाडलेली जागा, तिच्यात ठिपके विखुरलेले, टोपल्या घेऊन वेचणाऱ्या बाया.

झाड तिसरं (फळ आणि पाऊस): पानांचे झुबके, त्यांच्याखाली लांबट फळं. मागे पावसाच्या तिरप्या तुटक रेघा, त्या फांद्या सगळ्या झाल्यावर मोकळ्या जागेतच घालायच्या. खाली भाताची आवणी.

झाड चौथं (भरलेलं): झुबके एकमेकांना टेकलेले, मधली जमीन अगदी थोडी दिसणारी. खाली तारपा नाच.

माणसं तीन ते चार सेंमीच ठेवा. पाच सेंमीच्या वर गेली की झाड लहान वाटतं.

मोहटा

फुलांच्या झाडाबद्दल थोडी भर. मोहाचं फूल गळतं म्हणजे त्याचा रसाळ, फिकट पिवळा भाग गळतो. देठाशी तपकिरी लवेचा पेला आणि त्यातून बाहेर आलेली लांब तार तशीच लटकत राहते. सकाळी झाडाखाली उभं राहून वर पाहिलं की टोकांना नुसत्या या तारा दिसतात. तेव्हा दुसऱ्या झाडाच्या निम्म्या देठांना ठिपका काढा, निम्म्यांना ठिपक्याऐवजी केसाएवढी बारीक रेघ. तेवढ्यावरून कळतं की रात्र सरली आहे आणि फुलं पडून झाली आहेत. वेचणाऱ्या बायांशीही ते जुळतं.

आणि पानगळीच्या झाडावर बांडगूळ हवंच. आंब्यावर आणि मोहावर ते फार येतं. सगळं झाड उघडं आणि एका फांदीवर मात्र पानांचा दाट झुबका, हे दृश्य त्या दिवसांत कुठेही दिसेल. जीवनचक्र काढायचं तर हा परका जीवही त्यात येतो. पहिल्या झाडात तो मुठीएवढा, चौथ्यात थोडा मोठा, आणि त्याच्यापुढचं फांदीचं टोक वठलेलं. खाका सारखा ठेवूनही काळ पुढे सरकल्याचं दिसेल.

रानजाई

हे फार चांगलं सुचवलंत. सारख्या खोडामुळे चित्र थिजण्याचा धोका असतो, तो यामुळे टळतो. वठलेल्या टोकाला पान-ठिपका काही नको. बाहेरची रेष काढून आत रिकामं सोडा, लाल जमीन तशीच दिसू दे.

शिरीष_पुणे

चार झाडं ओळीत आली की डावीकडे सुरुवात आणि उजवीकडे शेवट होतो. चक्र कुठे आहे? चारी झाडं एका वर्तुळात, बुंधे आत आणि शेंडे बाहेर, असं का करू नये?

रानजाई

वर्तुळात करता येईल, पण मग वरचं झाड सरळ, खालचं उलटं होतं. पाऊस कुठल्या बाजूने पाडायचा हा प्रश्न येतो आणि माणसं डोक्यावर उभी राहतात. ओळीतही चक्र आणता येतं. जमिनीची रेघ डाव्या कडेला जिथून सुरू केली, उजव्या कडेला नेमक्या त्याच उंचीवर सोडा, कापड गोल गुंडाळलं तर टोकाला टोक जुळेल अशी. आणि बी वापरा. तिसऱ्या झाडाखाली पडलेलं बी, चौथ्याखाली दोन पानांचं रोप, आणि पहिल्या झाडाखाली, म्हणजे पुढच्या माघात, चार-पाच पानांचं रोप. उजवीकडून परत डावीकडे यायला डोळ्याला कारण मिळतं.

तारपा नाचाची रांगही पूर्ण वर्तुळ म्हणून बंद करू नका. मध्ये तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती वळत जाणारी हातात हात गुंफलेली माणसं, आणि रांगेचं शेपूट मोकळं. नाचणाऱ्यांची पाठ तारप्याकडे होत नाही, हे काढताना सांभाळा. हिशेबाने काढायचं तर आधी खडूने दोन वेढ्यांची सर्पिल रेघ घाला, तिच्यावर दीड दीड सेंमीवर खुणा करा. शेपटाकडून सुरुवात करून आत जाऊ नका, आतल्या वेढ्यात माणसं कोंबावी लागतात. आतून बाहेर या.

उंबरठा

चारी झाडांभोवती लग्नचौकाची चौकट घालायचा विचार आहे, नक्षीमुळे चित्र भरलेलं दिसतं. चौकाच्या आत झाड चालेल का?

डहाणू_पूर्व

चौक ही नुसती नक्षी नाही. वारली घरात लग्नाला सवाशिणी आतल्या भिंतीवर देवचौक लिहितात, आत पालघट देवी असते, धवलेरी (लग्नाचे विधी करणारी बाई) गाणी म्हणते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. पालघट हीच मुळी उगवण्याची आणि फळण्याची देवी. तिची जागा रिकामी करून तिथे सजावटीचं झाड बसवणं बरं दिसत नाही. कडेला हवीच असेल तर साधी त्रिकोणांची किंवा बांबूच्या पेरांची ओळ घ्या.

दुसरं, विकायला ठेवणार असाल तर. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वारली नसलेल्यांनी केलेलं काम ‘वारली शैलीवरून’ असं लिहून विकावं, ‘अस्सल वारली’ म्हणून नव्हे. खुद्द समाजातले शेकडो लोक आज याच कामावर घर चालवतात.

उंबरठा

समजलं. बांबूच्या पेरांची कड घेतो. धन्यवाद.

पाटावरवंटा

कापडाऐवजी खऱ्या कुडाच्या (काड्या विणून मातीने लिंपलेल्या भिंतीच्या) तुकड्यावर कोणी करणार असेल तर त्याची कृती. कारवीच्या काड्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर बांबूच्या कामट्या. 60 × 60 सेंमीच्या लाकडी चौकटीत आडव्या-उभ्या विणून घ्या. लिंपायला चाळलेली माती तीन भाग, शेण एक भाग, भाताचा तूस अर्धा भाग, पाणी घालून मळून एक रात्र झाकून ठेवा. पहिला थर काड्यांच्या फटींत दाबून भरा, दुसऱ्या दिवशी वरून दुसरा, मिळून दीड सेंमी. सावलीत आठ दिवस. उन्हात ठेवला की वरचं आधी सुकतं आणि भेगा जातात. सावलीतही भेगा आल्या तर माती चिकण आहे, अर्धा भाग बारीक रेती वाढवा. असा तुकडा वाळल्यावरही आठ-नऊ किलो भरतो, एका खिळ्यावर टांगू नका. यावर तांदळाचाच पांढरा शोभतो.

विषयाला धरून एक सांगण्यासारखं: कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून मरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात 2016 ला फुलली, मग 2024 ला. म्हणजे ज्या भिंतीवर हे झाड काढायचं तिच्या आतच एक पूर्ण आयुष्य उभं असतं. मोह दरवर्षी फुलून उरतो, कारवी एकदा फुलून संपते. दोन्ही एकाच चौकटीत ठेवायची असतील तर बुंध्यापाशी कारवीचं झुडूप काढा, तीन झाडांखाली नुसत्या पानांचं, चौथ्याखाली फुललेलं.

मोहटा

कारवी फुलते ती पावसाच्या शेवटी, साधारण भाद्रपद-आश्विनात. म्हणजे चौथ्याच झाडाखाली, बरोबर. पान मोठं, टोकदार, कडेला दातेरी. काडीऐवजी ब्रशने काढा.

सह्याद्री_ते_सिडनी

इथे शेण आणि गेरू दोन्ही मिळत नाही. दुसरं काय वापरता येईल? भारतातून तयार चित्र आणलं तर?

काडीकुंचला

गेरूसाठी रेड ऑक्साइड किंवा बर्न्ट सिएना ॲक्रिलिक, त्यात चिमूटभर रॉ अंबर. शेणाने जो खरखरीतपणा येतो त्यासाठी चाळणीतून काढलेला लाकडाचा बारीक भुसा, शंभर मिली रंगाला एक चमचा. ॲक्रिलिक पाण्याने एकाला एक पातळ करा, नाहीतर रबरासारखी गुळगुळीत जमीन तयार होते आणि काडी घसरते.

शेण-माती लावलेली वस्तू ऑस्ट्रेलियात नेताना विमानतळावर घोषित करावी लागते आणि अडवली जाण्याची शक्यता मोठी. भेट द्यायची असेल तर ॲक्रिलिकचीच जमीन करून न्या.

नाशिककर

वरून वॉर्निश लावायचं का? आणि दमट हवेत बुरशी?

रानजाई

तांदळाच्या पांढऱ्यावर वॉर्निश कधीच नको. तांदळाचा पांढरेपणा कणांमधल्या हवेमुळे दिसतो, वॉर्निशने ती जागा भरली की रेष पारदर्शक होते आणि चित्र जवळजवळ नाहीसं होतं. ॲक्रिलिक पांढरा असेल तर मॅट स्प्रेचे दोन हलके हात चालतील, एक फुटावरून, मध्ये अर्धा तास सोडून. चकाकणारं घेऊ नका, गेरूची मातट छटा जाते.

बुरशी येते ती बहुधा ओलसर जमीन झाकून ठेवल्यामुळे. शेणाच्या पाण्यात लवंगेच्या तेलाचे सहा-सात थेंब घाला. चित्र पूर्ण झाल्यावर आठवडाभर उघड्यावर राहू द्या, मगच फ्रेमला द्या. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पाच मिलिमीटरची पट्टी घालायला सांगा. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, ओल भिंतीतून येते.

गुंडाळून ठेवायचं असेल तर रंगाची बाजू बाहेर, निदान चार इंच व्यासाच्या नळीवर, वर सुती कापड. रंग आत ठेवून घट्ट गुंडाळला की थर दाबला जातो आणि उलगडताना सुरकुत्यांवर फुटतो. घडी तर नकोच.

शिरीष_पुणे

शेवटचं. चारही झाडं एकेक करून पूर्ण करायची की सगळी बरोबर?

रानजाई

बरोबर. आधी चारी खोडं, मग चारींच्या मोठ्या फांद्या, मग डहाळ्या. एकेक झाड पूर्ण करत गेलात तर हात सरावतो आणि चौथं पहिल्यापेक्षा सफाईदार येतं, जोडी जुळत नाही. टोकं मात्र एका बैठकीत एकाच झाडाची, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली, म्हणजे तळहात ओल्या रंगावर येत नाही. डावखुरे असाल तर उजवीकडून. चौथ्या झाडाची पानं सगळ्यांत जास्त वेळ खातात, ती सकाळच्या उजेडात करा. संध्याकाळच्या पिवळ्या दिव्यात गेरूवरच्या फिकट रेघा नीट दिसत नाहीत, आणि झुबके नकळत दाट होत जातात.

मोहटा

आणि त्या झुबक्यांत एक ढोली सोडा, खोडाला जिथे मोठी फांदी फुटते तिथे. खाक्यातच तिची खूण करून ठेवा, नंतर जागा मिळत नाही.

शिरीष_पुणे

ढोली केवढी?

मोहटा

50 सेंमी झाडाला दीड सेंमी उंच पुरे. आत रंग नाही, कडेला दोन रेघा. घुबड घालायचं असेल तर फक्त चौथ्या झाडात.